रेड स्पेशलची नक्कल करताना

ब्रायन मेच्या गिटारची गोष्ट बहुतेकांना एका दमात सांगता येते. क्वीन बँडच्या या गिटारवादकाने शाळकरी वयात वडिलांना हाताशी धरून जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून 'रेड स्पेशल' ही इलेक्ट्रिक गिटार बनवली आणि पुढे जन्मभर तीच वाजवली. मग सामानाची यादी येते. मोटरसायकलच्या स्प्रिंगा, आईच्या डब्यातली बटणं, विणायची सुई, सायकलच्या बॅगेचा दांडा. ऐकणारा "काय डोकं आहे!" म्हणतो आणि गोष्ट तिथेच संपते. तिची नक्कल करायला मीही हीच यादी खिशात ठेवून कामाला लागलो होतो. गिटार तयार झाली तेव्हा त्या यादीतलं मला फारसं काही महत्त्वाचं वाटेनासं झालं होतं.

मी राहतो हाउन्स्लोला, लंडनच्या पश्चिम टोकाला, हीथ्रोच्या विमानांच्या वाटेखाली. शेजारचं फेल्टम म्हणजे ब्रायनचं गाव. ऑगस्ट 1963 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने तिथल्या घरात हे काम सुरू केलं. वडील हॅरोल्ड विमान मंत्रालयात इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर. घरात पैसा बेताचा, फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारखी दुकानातली नावाजलेली इलेक्ट्रिक गिटार परवडण्यासारखी नव्हती. काम चालू असतानाच, 1964 मध्ये, झांझिबार सोडून आलेलं बुलसारा नावाचं पारशी कुटुंब त्याच फेल्टममध्ये, चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहायला आलं. त्यांचा मुलगा फारुख पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतून शिकून आलेला. तोच पुढे क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी. दोघांची ओळख व्हायला अजून काही वर्षं होती. मी मिरजेचा, त्यामुळे पाचगणीचा हा धागा इथल्या गोऱ्या मंडळींना ऐकवल्याशिवाय मला राहवत नाही.

तयार गिटार का नाही घेतली, हा प्रश्न बायकोने पहिल्याच दिवशी विचारला. "अरे, दुकानात मिळते की! मग गॅरेजमध्ये एवढा राडा कशाला?" मिळते हे खरंच. 1984 च्या सुमारास गिल्ड या अमेरिकन कंपनीने ब्रायनच्या नावाची प्रत काढली, पण ती मूळ गिटारपासून बरीच लांब गेली होती. 1998 मध्ये ग्रेग फ्रायर या ऑस्ट्रेलियन कारागिराने मूळ गिटारची दुरुस्ती केली; तिच्या अगदी जवळ जाणाऱ्या तीन प्रतीही त्याने बनवल्या. नंतर इंग्लंडच्या अँड्र्यू गायटनने केल्या. आज ब्रायनच्या स्वतःच्या कंपनीची परवडणारी आवृत्ती कोणीही घेऊ शकतो. पण कारागिराच्या हातची तंतोतंत प्रत हवी तर किंमत ऐकूनच माणूस गप्प बसतो. शिवाय मला गिटार हवी होती त्याहून जास्त ती बनवायची होती. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांवरून शाळेत जाणाऱ्या पोराला हा किडा कधी ना कधी चावणारच.

काम घराजवळच्या एका सार्वजनिक वर्कशॉपमध्ये केलं. वर्षाची वर्गणी भरा, यंत्रं वापरा. तिथे हीथ्रोवर विमानांची देखभाल करून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज येत. संगीतात त्यांना काडीचा रस नव्हता आणि त्याचाच मला पुढे फायदा झाला.

पहिली अडचण लाकडाची. मूळ गिटारची नेक, म्हणजे तारांखालची लांब मान, महोगनीची, एका ओळखीच्या कुटुंबाने काढून टाकलेल्या जुन्या फायरप्लेसच्या चौकटीची. लाकूड पोखरणाऱ्या किडीची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. आज तशी महोगनी नवी घ्यायची तर होंडुरास महोगनीचा व्यापार 2003 पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आहे, कागदपत्रं लागतात, आणि मिळालं तरी ते लाकूड कोवळं असतं. त्यामुळे जुन्या घरांचे दरवाजे, खिडक्या, जिन्याचे कठडे विकणाऱ्या दुकानांत फिरलो. शेवटी एका मोडीत निघालेल्या काउंटरची फळी सापडली. पॉलिशचे थर खरवडल्यावर आतून जो लालसर तपकिरी रंग निघाला, तो बघून पैशांचं दुःख जरा हलकं झालं.

पैशांचं सांगायचं तर, मूळ गिटारला सगळा मिळून सुमारे 8 पौंड खर्च आला असं सांगतात. आज तेवढ्यात तारांचा एक संच येतो. त्यांच्याकडे जे अडगळीत पडलं होतं ते आज मला शोधून, घासाघीस करून विकत घ्यावं लागत होतं. ब्लॉकबोर्डचं तेच. मूळ बॉडी म्हणजे मधोमध जुन्या टेबलाचं ओक, भोवती ब्लॉकबोर्ड आणि वर-खाली महोगनीचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. आपल्याकडे कुठल्याही प्लायवूडच्या दुकानात ब्लॉकबोर्ड मागा, पोऱ्या काढून देतो. इंग्लंडात एमडीएफने त्याला जवळजवळ हद्दपार केलंय. एमडीएफ वापरू का, असा मोह झाला होता. पण एमडीएफ जड आणि मुका. ही बॉडी आतून कोरून पोकळ ठेवलेली आहे, आणि ती पोकळी हौसेची नाही. मोठ्या ॲम्प्लिफायरसमोर उभं राहिल्यावर आवाजाने बॉडी थरथरावी, बॉडीने तारा हलाव्यात आणि सूर न थांबता वाढत राहावा, म्हणजे फीडबॅक मिळावा, हे ब्रायनला पहिल्यापासून हवं होतं. बाकीचे लोक फीडबॅक टाळायला धडपडत होते तेव्हा हा पोरगा तो ठरवून लाकडात कोरत होता! तेव्हा ब्लॉकबोर्डच शोधला.

नेकबद्दल एक इशारा द्यायला हवा. ती फार जाड आहे. फोटोत कळत नाही. कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो तेव्हा दर थोड्या वेळाने हात म्हणायचा, अजून काढ. मापं म्हणायची, थांब. मी मापांचं ऐकलं. ब्रायनची बोटं लांबसडक, माझी आखूड, पण जाड नेक कमी वाकते आणि सूर जास्त टिकतो, तर ते तपासून तरी बघू म्हटलं.

फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं दाबायची पट्टी, ओकचा, काळा रंगवलेला. एबनी, म्हणजे काळं आबनूस, परवडत नव्हतं म्हणून ओकलाच एबनीचं सोंग दिलेलं. ओकची रंध्रं उघडी असतात, म्हणून दोन घटकांचं ते जुनं प्लास्टिक कोटिंग थरावर थर देऊन मधे मधे घासत राहावं लागतं. रुस्टिन्सचं ते कोटिंग अजूनही मिळतं, आणि त्याच्या वासाने अजूनही डोकं चढतं.

फ्रेट म्हणजे त्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या रेघा. त्यांच्या मापांवर माझा शाळेतल्या गणिताचा मास्तर खूश झाला असता. तारेची वाजणारी लांबी 24 इंच, म्हणजे 609.6 मिलिमीटर. प्रत्येक फ्रेटला उरलेली लांबी 17.817 ने भागायची आणि तेवढं पुढे सरकायचं. पहिली फ्रेट 34.21 मिलिमीटरवर, दुसरी तिथून 32.3 वर, आणि असं आखडत आखडत तेविसाव्या-चोविसाव्यामधलं अंतर अवघं 9 मिलिमीटर राहतं. जुने कारागीर 17.817 ऐवजी सरळ 18 ने भागायचे. पहिल्या फ्रेटला फरक एक तृतीयांश मिलिमीटरचा, डोळ्याला दिसतही नाही. पण पुढच्या प्रत्येक भागाकारात तो साचत जातो आणि बारावी फ्रेट सप्तक पुरं करायच्या आतच येऊन बसते. मी प्रत्येक फ्रेटचं अंतर सुरुवातीच्या टोकापासूनच मोजलं, आधीच्या फ्रेटपासून नाही. म्हणजे एका खाचेची चूक पुढच्या खाचेत जात नाही.

खुणेचे ठिपके शिंपल्याच्या बटणांचे. सातव्या आणि एकोणिसाव्या फ्रेटवर दोन-दोन, बाराव्या आणि चोविसाव्यावर तीन-तीन. माझी बटणं आईने मिरजेहून पाठवली. एका जुन्या झब्ब्याची होती, वडील बरेच दिवस तो झब्बा शोधत होते म्हणे.

आता ट्रेमोलो. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि इथेच ती यादी मनातून उतरली.

ट्रेमोलो म्हणजे दांडा दाबला की सगळ्या तारा एकदम सैल होऊन सूर खाली जातो, सोडला की परत येतो. अडचण परत येण्याचीच असते. तार कुठेतरी अडकते, घासते, आणि सूर मूळ जागेच्या किंचित खाली किंवा वर थांबतो. त्या काळच्या बहुतेक गिटारींचं हे रडगाणं होतं. हॅरोल्ड आणि ब्रायनने घर्षणाची एकेक जागा हुडकून तिथून घर्षण हटवलं. ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथे, तार घासू नये म्हणून प्रत्येक तारेखाली स्वतंत्र रोलर, हाताने केलेले. वरच्या टोकाला झीरो फ्रेट, म्हणजे तार खाचेत रुतत नाही, नुसती टेकते. डोक्याकडे तारा जवळजवळ सरळ रेषेत खुंट्यांपर्यंत जातात, वळण नाही म्हणून अडकणंही नाही. आणि सगळा डोलारा ज्यावर डोलतो ती पोलादाची एक धार. सोनाराच्या तराजूची दांडी अशाच धारेवर टेकलेली असते.

ती धार मी गेज प्लेट नावाच्या पोलादातून केली. आधी कानशीने आकार, मग कडकपणा. गॅसच्या मोठ्या बर्नरवर पट्टी लाल करायची, लोहचुंबक चिकटेनासा झाला की अजून थोडी, आणि तशीच तेलात बुडवायची. आता ती काचेसारखी ठिसूळ झालेली असते, पडली तर तुटेल. म्हणून पुन्हा 200 अंशांच्या आसपास तासभर शेकायची, तोवर घासलेल्या भागावर वाळलेल्या गवताचा पिवळसर रंग चढतो. हे शेकणं घरच्या ओव्हनमध्ये केलं. त्या संध्याकाळच्या ढोकळ्याला मशीन ऑइलचा वास होता की नाही यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

स्प्रिंगांची गोष्ट निराळी. मूळ गिटारमध्ये 1928 च्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा आहेत, आणि हौशी लोक त्याच मिळवायला जिवाचं रान करतात. मीही विमानवाल्या गृहस्थांना विचारलं, पँथरच्या स्प्रिंगा कुठे मिळतील. त्यांनी उलट विचारलं, वजन किती पेलायचंय? मला सांगता येईना. मग हिशेब केला. सगळ्यात पातळ तार इंचाच्या 9 हजारांशाची, सगळ्यात जाड 42 ची, लांबी 24 इंच. सहाही तारा सुरात लावल्या की एकूण ताण सुमारे 34 किलो येतो. तारा एका बाजूने ओढणार, दोन स्प्रिंगा दुसऱ्या बाजूने रेटणार, आणि धारेवर दोन्ही बरोबर तोलले गेले पाहिजेत. त्यांनी न्हाणीघरातला वजनकाटा आणायला सांगितला. काटा ड्रिलिंग मशीनच्या टेबलावर ठेवायचा, त्यावर स्प्रिंग उभी करायची, मशीनचा दांडा खाली आणून ती दाबायची, किती मिलिमीटर दबली आणि काटा किती दाखवतो ते लिहून काढायचं. वर्कशॉपच्या खोक्यांतल्या, माझ्या ओळखीतल्या मोटरसायकलवाल्यांकडच्या, मिळतील त्या सगळ्या स्प्रिंगा अशा तपासल्या. शेवटी जमली ती सांगलीच्या मामाने पाठवलेल्या बुलेटच्या व्हॉल्व्हमधली आतली स्प्रिंग. बाहेरची फारच ताठ होती, दांडा दाबायला दोन हात लागले असते.

पँथर ठीक, बुलेटही ठीक. हॅरोल्डच्या हाताला पँथरच्या आल्या म्हणून पँथरच्या लागल्या. पण कितीचं बळ हवं हे त्यांना आधी ठाऊक असल्याशिवाय त्या स्प्रिंगा तशाच पडून राहिल्या असत्या. लोक या गिटारला भंगारातून जमवलेली म्हणतात तेव्हा आता मला जरा राग येतो. ड्रॉइंग आधी होतं, भंगार नंतर. हॅरोल्ड दिवसभर विमानांच्या यंत्रणांवर काम करणारा माणूस. तो संध्याकाळी घरी येऊन अंदाजपंचे छिद्रं पाडत बसला असेल हे मला पटत नाही.

दांड्यासाठी मात्र मी हुबेहूब नकलेचा नाद केला, उगाच. सायकलच्या बॅगेचा जुना दांडा आणि त्याच्या टोकाला विणायच्या सुईचं टोक. सुई सासूबाईंची. त्यांना विचारून घेतली.

पिकअप म्हणजे तारेचं थरथरणं विजेत बदलणारे भाग. ते ब्रायनने आधी स्वतःच केले होते. चुंबकांच्या गोल चकत्या, भोवती तांब्याची बारीक तार. आवाज छान, पण तार बोटाने ओढून सूर वाकवला की एक चमत्कारिक खरखर यायची. कारण असं की शेजारशेजारच्या चुंबकांचे ध्रुव उलटसुलट होते. तार एका चुंबकावरून सरकून दुसऱ्याच्या हद्दीत शिरली की क्षेत्राची दिशाच फिरते. मला हे वाचून समाधान होईना, म्हणून एक पिकअप मुद्दाम तसा गुंडाळून लावून बघितला. खरंच खरखरतो, तोंडाने शूऽऽ केल्यासारखा! सूर वाकवणं हा ज्याच्या वाजवण्याचा जीव, त्याला हे चालणंच शक्य नव्हतं. त्याने मग बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक पिकअप घेतले. त्यांची खोड वेगळी. गुंडाळी आत सैल असते, त्यामुळे मोठ्या आवाजात पिकअप स्वतःच मायक्रोफोनसारखा वागून किंचाळतो. त्यावर ॲराल्डाइट ओतून आतलं सगळं घट्ट केलं की किंचाळणं थांबतं आणि हवा तो फीडबॅक तेवढा उरतो. हेही मी केलं, आणि ॲराल्डाइट गरम करून पातळ करणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कंटाळवाणा भाग होता, त्यावर जास्त लिहीत नाही.

वायरिंगचं मात्र लिहायला हवं, कारण तिथे सगळी मजा आहे. तीन पिकअप, आणि प्रत्येकाला दोन सरकते स्विच. एक चालू-बंद, दुसरा फेज, म्हणजे पिकअपमधून येणाऱ्या विजेची दिशा, उलटवणारा. त्या काळच्या स्ट्रॅटोकास्टरला तीन जागांचा एक स्विच असे, म्हणजे तीन आवाज. इथे हिशेब करा. एकेकटा पिकअप घेतला तर तीन आवाज, तिथे फेजने फरक पडत नाही. दोन-दोनच्या तीन जोड्या, प्रत्येकीचे सरळ आणि उलट मिळून सहा. तिन्ही एकत्र घेतले तर चार. एकूण 13 वेगळे आवाज. शिवाय पिकअप एकामागे एक, मालिकेत जोडलेले, म्हणून दोन चालू केले की जोरही वाढतो. ब्रायनचा नेहमीचा आवाज ब्रिजकडचा आणि मधला सरळ फेजमध्ये. गळ्याकडचा आणि मधला एकमेकांविरुद्ध लावले तर दोघांतला सारखा, भरदार खर्ज कापला जातो आणि उरतो तो नाकातून बोलल्यासारखा, टोकदार आवाज. तिन्ही पिकअप बंद केले तर चिडीचूप. पहिल्यांदा जोडल्यावर माझ्याकडून तेच झालं होतं आणि मी सोल्डरिंगची बंदूक परत गरम करायला घेतली होती.

ॲम्प्लिफायर व्हॉक्स एसी30, मित्राचा. गिटार आणि त्याच्या मधे एक ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज वाढवणारी छोटी पेटी. ही जोडी ब्रायनला रोरी गॅलहर या आयरिश गिटारवादकाकडून कळली. एसी30 पूर्ण वाढवला तर घरात वाजवणं अशक्य, म्हणून एका रविवारी वर्कशॉपच्या मागचा रिकामा हॉल मागून घेतला. वाजवायला पिकऐवजी, म्हणजे तारा छेडायच्या प्लास्टिकच्या चकतीऐवजी, ब्रायनसारखंच सिक्सपेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं. 1967 नंतर ही नाणी वापरासाठी पाडली गेली नाहीत आणि 1980 मध्ये चलनातून गेली, पण जुन्या नाण्यांच्या पेटाऱ्यात ढिगाने मिळतात. या सगळ्या खटाटोपात स्वस्तात मिळालेली हीच एक वस्तू. नाण्याची खाचदार कड तारेला किंचित खरवडते आणि प्रत्येक सुराच्या आधी एक कर्र असा उच्चार येतो. प्लास्टिकच्या पिकने तो येत नाही, मी दोन्हींनी तेच तेच वाजवून बघितलं.

आवाज मूळ गिटारसारखा आला का? थोडा. अर्धं तर ब्रायनच्या बोटांत आहे, ते कुठल्या दुकानात मिळत नाही. ट्रेमोलो मात्र मनासारखा झाला. दांडा पार खाली दाबून तारा लोंबेपर्यंत सैल केल्या आणि सोडला, ट्यूनरची सुई जिथे होती तिथे परत. विमानवाले गृहस्थ हे बघायला मुद्दाम थांबले होते. आवाज त्यांनी कान झाकून ऐकला, सुई मात्र वाकून बघितली, आणि धारेला वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्यायला सांगून निघून गेले.

फीडबॅक ॲम्प्लिफायरपासून चार-पाच पावलांवर मिळाला. एक सूर धरला, अंग जरा वळवलं, आणि सूर विझायच्या ऐवजी फुलायला लागला, मग त्याच्या वरच्या सप्तकात चढला. बॉडी पोटाला थरथरलेली कळते. अर्धं पाऊल मागे गेलं की दुसरा सूर पकडतो. असं वाजवताना माणूस हॉलमध्ये उभं राहायच्या जागा शोधत फिरतो, आणि बघणाऱ्याला वेडा वाटतो. आमच्या लेकीने व्हिडिओ काढलाय, तो कोणालाही मिळणार नाही.

नेकच्या जाडीचा निकाल मात्र माझ्या बोटांनी लावला. सूर टिकतो, शंकाच नाही, पण पाऊण तासानंतर अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. लेकीला तर पहिल्या फ्रेटवर पूर्ण कॉर्ड, म्हणजे अनेक तारा एकदम दाबून वाजवायचा सूरसमूह, धरताच येत नाही. सुदैवाने मूळ रचनेत नेक एका मोठ्या बोल्टवर धरलेली आहे, तशी मीही धरलीय. बोल्ट काढला की नेक निघते. काउंटरच्या फळीचा अर्धा भाग अजून उरलाय, त्यातून तिच्या हाताच्या मापाची दुसरी नेक काढायला घेतली आहे. फ्रेटची मापं तीच, जाडी तिने ठरवायची. बटणं पुरणार नाहीत, म्हणून आईला पुन्हा फोन केला. वडिलांनी कपाटाला कुलूप लावलंय.